खड्डा पक्का, मका जोरदार, तरी मुरघास का बिघडला?

मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवून टिकवलेली हिरवी वैरण. तो बिघडलेल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्याकडे ९ दुभत्या संकरित गाई. गाईला दिवसाला साधारण २० किलो मुरघास घालतो. यंदा सिमेंटचा खड्डा बांधला. १० फूट रुंद, ५ फूट खोल, ३० फूट लांब. जानेवारीत मक्याची कुट्टी करून काठोकाठ भरला, २० टन बसला. पहिल्या दोन ट्रॉल्या ओढ्याकाठच्या रानातल्या, जरा हिरव्याच होत्या. टनाला २ किलो गूळ, १ लिटर ताक आणि विकतचं कल्चर (आंबवणाऱ्या जिवाणूंची पुडी) घातलं. मार्चअखेर उघडला तेव्हा घमघमाट सुटला होता, गाई तुटून पडल्या. आता मे उजाडला. सकाळी खड्ड्याच्या तोंडाच्या मालात हात घातला की गरम लागतो, वाफ निघते. वरच्या फूटभर थरात पांढरी बुरशी आहे. तळाच्या एका कोपऱ्यातला माल चिकट, शेवाळी रंगाचा, आणि वास असा की दोनदा हात धुतले तरी जात नाही. फॅट ३.८ वरून ३.३ वर आली. सातव्या महिन्यातली एक गाय गाभडली. कल्चर बनावट होतं का? खराब माल उन्हात वाळवून किंवा चांगल्या मालात मिसळून घातला तर चालेल का?"

वाळवूनही नाही आणि मिसळूनही नाही. हे आधी सांगतो, कारण उत्तर वाचून होईपर्यंत संध्याकाळची वैरण टाकायची वेळ होईल. आता बाकीचं.

कल्चरवर संशय घेण्याआधी तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा हिशेब करू. १० गुणिले ५ गुणिले ३० म्हणजे १५०० घनफूट. त्यात २० टन बसला, म्हणजे घनफुटाला १३ किलोच्या थोडा वर. नीट दाबलेला मक्याचा मुरघास घनफुटाला १८ ते २० किलो भरतो. तुमच्या खड्ड्यात २७ टन बसायला हवा होता. जो ७ टन बसला नाही, त्याच्या जागी हवा बसली आहे.

दुसरा हिशेब रोजच्या काढणीचा. ९ गाई, २० किलो, रोज १८० किलो. घनफुटाला १३ किलो धरले तर रोज साडेतेरा घनफूट. तुमच्या खड्ड्याचं तोंड १० बाय ५, म्हणजे ५० चौरस फूट. इतक्या मोठ्या तोंडावरून साडेतेरा घनफूट काढला की भिंत रोज किती मागे सरकते? सव्वातीन इंच. थंडीत रोज किमान ६ इंच आणि उन्हाळ्यात फूटभर माल निघाला पाहिजे. सैल भरलेल्या मालात हवा तोंडापासून तीन फूट आतपर्यंत जाते. म्हणजे आज तुमच्या गव्हाणीत पडलेला घास त्याआधी दहा-अकरा दिवस हवा खात बसला होता. मार्चमध्ये हे दिसलं नाही, कारण तोंड नुकतंच उघडलं होतं आणि रात्री गार होत्या. मेमध्ये तेच गणित अंगावर आलं.

थोडक्यात, खड्डा तुमच्या गोठ्याच्या मानाने चौपट रुंद आहे आणि माल सैल आहे. वरची बुरशी आणि गरमपणा यातून आला. तळाचा कोपरा हा वेगळाच आजार आहे, त्याचं कारणही वेगळं. दोन्हीला आपण सरसकट "मुरघास खराब झाला" म्हणतो आणि तिथेच उपाय चुकतो.

आधी मुरघास मुरतो कसा ते पाहू, म्हणजे तो मोडतो कुठे ते कळेल. कापलेला मका लगेच मरत नाही. पानांतल्या पेशी काही तास श्वास घेत राहतात, कुट्टीत अडकलेला प्राणवायू संपवतात आणि साखर जाळून उष्णता करतात. हवा जितकी कमी अडकली तितका हा टप्पा छोटा. प्राणवायू संपला की बिनहवेच्या जिवाणूंची पाळी येते. पहिले दोन-तीन दिवस शेणात, मातीत सापडणाऱ्या एंटेरोबॅक्टेरिया गटाची गर्दी असते. ते साखर खातात, पण आम्ल करतात कमी आणि प्रथिनं नासवतात. त्यांना हुसकावतात ते लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. त्यांतला लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा एका ग्लुकोजच्या रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करतो, मधे काही वाया घालवत नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका माल आंबट) पहिल्या आठवड्यातच ४ च्या आसपास उतरतो, आणि चांगला मक्याचा मुरघास ३.७ ते ४.२ वर थांबतो. त्या आंबटपणात जिवाणूंचं काम जवळपास बंद पडतं. माल टिकतो तो या थांबण्यामुळे.

वैरण आंबट करून टिकवायच्या या कामावर नोबेल मिळालं आहे. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन, १९४५, रसायनशास्त्र. तिकडच्या ओल्या गवतात साखर कमी, म्हणून त्यांनी सरळ आम्लच ओतून पीएच ४ च्या खाली आणला. आपल्या मक्यात साखर भरपूर असते, तेच काम जिवाणू फुकट करून देतात.

म्हणून तुमचा टनामागे २ किलो गूळ दर्यात खसखस. नीट पक्व झालेल्या एक टन हिरव्या मक्यात स्वतःचीच साखर २० किलोच्या वर असते. गूळ किंवा मळी लागते ती हत्तीगवताला आणि लसूणघासाला. हत्तीगवतात पाणी जास्त आणि साखर कमी, तर लसूणघासाची प्रथिनं आणि क्षार आम्लाला दाद देत नाहीत. ताकाचं म्हणाल तर त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेवर वाढलेले, दह्यासाठी निवडलेले. मक्याच्या पानावर जन्मापासून राहणाऱ्यांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. घातलं म्हणून नुकसान नाही. गावोगाव हा सल्ला फिरतो, मीही सुरुवातीची काही वर्षं तो दिला आहे.

आता तुमचा एक शब्द मला खटकला. घमघमाट. चांगल्या मुरघासाला सौम्य आंबूस वास असतो, फार तर पिकल्या फळाची किंचित झाक. लांबूनच नाकात शिरणारा गोड, दारूसारखा किंवा नेलपॉलिशसारखा वास यीस्टचा असतो. यीस्ट साखरेची दारू पाडतं, दारू आणि आम्ल मिळून ते सुवासिक रसायन तयार होतं. गाईंना ते आवडतं, माणसालाही छान वाटतं. पण ती खूण आहे, की खड्डा उघडायच्या आधीच आत यीस्ट भरपूर होतं आणि हवेची वाट बघत होतं. उसाच्या मुरघासात हाच त्रास सगळ्यात जास्त होतो, कारण तिथे साखरच साखर.

हवा लागल्यावर होतं ते असं. यीस्टच्या काही जाती लॅक्टिक आम्लच खातात. हवेत त्या आम्ल जाळून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता करतात. सकाळी दिसणारी वाफ ती. आम्ल संपलं की पीएच चढतो. ४ वरून ५, पुढे ६. दारावरचा पहारेकरी उठून गेल्यावर बाकीचे आत येतात: आधी बॅसिलस गटातले जिवाणू, शेवटी बुरशी. बुरशी दिसते म्हणून आपण तिला दोष देतो, पण ती वरातीच्या शेवटी असते. तुम्हाला पांढरी बुरशी दिसली तेव्हा त्या मालातली साखर, आम्ल आणि बरीचशी ताकद आधीच हवेत गेली होती.

आणि इथे तुमच्या कल्चरचा प्रश्न येतो. ते बनावट असेलच असं नाही. उलट चांगलं असूनही गैरसोयीचं असू शकतं. फक्त प्लँटारमसारखे जिवाणू असलेलं कल्चर लॅक्टिक आम्ल भरभरून करतं, पण ॲसेटिक आम्ल फार थोडं. यीस्टला लॅक्टिक हे खाद्य आहे, ॲसेटिक हे विष. त्यामुळे अशा कल्चरचा मक्याचा मुरघास बंद असताना उत्तम राहतो आणि उघडल्यावर कधी कधी साध्या मुरघासापेक्षा लवकर तापतो. उन्हाळ्यात उघडायचा असेल तर लॅक्टोबॅसिलस बुकनेरी असलेलं कल्चर पाहा. हा जिवाणू झालेल्या लॅक्टिक आम्लाचा काही भाग ॲसेटिकमध्ये बदलतो. त्याचं काम संथ आहे, ४५ ते ६० दिवस द्यावे लागतात. महिनाभरात उघडणार असाल तर त्याचे पैसे देऊ नका.

कल्चर घेताना पुडीवरचा आकडा वाचा. एक ग्रॅम चाऱ्याला किमान १ लाख जिवंत जिवाणू मिळायला हवेत. टनाचे १० लाख ग्रॅम, म्हणजे टनाला १० हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण चांगल्या पुडीचे काही ग्रॅम त्याला पुरतात. ज्या पुडीवर संख्याच छापलेली नाही ती घेऊ नका. ते नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात कालवू नका आणि फवारणीची टाकी उन्हात ठेवू नका. दुपारी कडक तापलेल्या पाण्यात कल्चर मेलेलंच पडतं, आणि दोष कंपनीला जातो.

आता तळाचा कोपरा. चिकट, शेवाळी, न जाणारा वास. हा ब्युटिरिक आम्लाचा वास, खवट लोण्याचा, आणि मागे क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू. हे हवेचे शत्रू आहेत, म्हणून तळाशी, ओल्यात सापडतात. मातीतून आणि शेणातून त्यांचे बीजाणू येतात. हे जिवाणू लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू घेऊन ब्युटिरिकचा एक करतात, बाकीचं वायू होऊन जातं. दोन कडक आम्लांच्या जागी एक मवाळ आम्ल राहिलं की पीएच वर सरकतो आणि मग त्यांचेच भाऊबंद प्रथिनांवर पडतात. त्यातून अमोनिया आणि अमाइन तयार होतात. तो वास हातावरून जात नाही तो त्यामुळे.

मक्यात हा प्रकार सहसा होत नाही. मका झटकन आंबट होतो, आणि क्लॉस्ट्रिडियमला आंबटपणा सोसत नाही. पण मालात शुष्क भाग २८ टक्क्यांच्या खाली गेला, म्हणजे पाणी ७२ टक्क्यांच्या वर असलं, की त्याला जास्त आंबटपणा लागतो तो रोखायला. तुमच्या पहिल्या दोन ट्रॉल्या हिरव्या होत्या, त्या तळाशी गेल्या. ओढ्याकाठच्या रानातून आल्या म्हणजे चाकांना चिखल असणार. वरून दाब पडला तसा सगळ्या खड्ड्याचा रस उताराच्या कोपऱ्यात उतरला, आणि खड्ड्याला निचऱ्याची नळी नसेल तर तिथेच साचला. एप्रिलच्या वळवाच्या सरीत कागदाखालून पाणी शिरलं असेल तर तेही त्याच कोपऱ्यात. जागा एकच असणं हीच मला मोठी खूण वाटते. सगळा माल ओला असता तर सगळा तळ असाच निघाला असता.

हा कोपरा व्यायला झालेल्या आणि नुकत्या व्यालेल्या गाईला घासभरही घालू नका. ब्युटिरिक आम्लाचा बराच भाग पोटाच्या भिंतीतच किटोन द्रव्यात बदलतो. ताज्या व्यालेल्या गाईच्या रक्तात किटोन आधीच वाढलेले असतात, त्यात ही भर पडली की ती पेंड टाकते, दूध उतरतं, श्वासाला गोडसर वास येऊ लागतो.

वाळवण्याविषयी. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शेतकऱ्याला असाच माल ताडपत्रीवर पसरून दोन उन्हं द्यायला सांगितलं होतं. वास गेला, बुरशी झटकली गेली, माल चांगला दिसू लागला. आठवड्याने दोन कालवडी शेणाऐवजी पाणी टाकत होत्या. उन्हाने ब्युटिरिक उडून जातं आणि बुरशीचे धागे मरतात, पण बुरशीने आधीच केलेलं विष तिथेच राहतं. ॲस्परजिलस फ्लेव्हसने केलेलं अफ्लाटॉक्सिन बी-१ तर उकळूनही जात नाही. गाय ते खाते आणि एका दिवसाच्या आत त्याचा थोडा भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो. दुधातल्या एम-१ ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. डेअरीने नमुना काढला तर तुमचा मुरघास तिथे दिसेल. खाणं थांबवल्यावर तीन-चार दिवसांत दूध निवळतं, हा त्यातला दिलासा.

बुरशीच्या रंगावरून विषाचा अंदाज बांधता येत नाही, पण रंग बघून थोडं कळतं. निळसर-हिरवी गाठ बहुधा पेनिसिलियमची, लालसर-जांभळे गोळे मोनॅस्कसचे, राखाडी धूळ उडणारी अ‍ॅस्परजिलसची असू शकते. ती हलवताना तोंडाला फडकं बांधा, तिचे बीजाणू माणसाच्या फुप्फुसालाही त्रास देतात. आणि एक लक्षात घ्या, सगळी बुरशी खड्ड्यातच लागते असं नाही. २०१८ मध्ये आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळी आली. तिने पोखरलेल्या कणसात बुरशी रानातच शिरते. कणसं फार पोखरलेली असतील तर तो प्लॉट वेगळा भरा.

टॉक्सिन बाइंडर घालून हा माल खपवू का, असं पुढे विचाराल. बाइंडर थोड्या अफ्लाटॉक्सिनला धरतो, बाकीच्या बऱ्याच विषांवर त्याचा फार जोर चालत नाही, आणि गेलेली ताकद परत आणत नाही.

मिसळून घालण्याबद्दल कॅन्सस स्टेट विद्यापीठात २००० साली झालेला प्रयोग मी नेहमी सांगतो. त्यांनी खड्ड्याच्या वरचा कुजलेला थर चांगल्या मुरघासात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून गोऱ्ह्यांना घातला. सगळ्यात कमी प्रमाणातही खाणं घटलं, तंतूंची पचनीयता घसरली, आणि पोटात चाऱ्याची जी जाड तरंगती साय असते, जिच्यामुळे रवंथ होतो, ती मोडून गेली. फॅट तयार होते त्या तंतूंच्या पचनातून. तुमची अर्ध्या अंकाची फॅट मला तरी तिथेच गेलेली वाटते. पण सगळं खापर मुरघासावर नको. मे महिना आहे, गाय धापा टाकत असेल तर ती वैरण कमी आणि पेंड जास्त खाते, त्यानेही फॅट पडते. कुट्टी किती बारीक आहे तेही पाहा. पाव इंचाची केली असेल तर रवंथाला काही उरत नाही. अर्धा ते पाऊण इंच ठीक.

गाभडलेल्या गाईचं. मुरघासात लिस्टेरिया वाढतो हे खरं. पीएच साडेपाचच्या वर गेलेल्या, हवा शिरलेल्या कडेच्या मालात तो सापडतो, आणि त्याने गर्भपात होतो. शेळ्या-मेंढ्यांना तो जास्त लागतो, मान वाकडी करून गोल फिरतात. तुमच्या गोठ्यामागे शेळ्या असतील तर त्यांना हा माल टाकू नका, "गाईने सोडलेलं शेळी खाते" हे इथे चालत नाही. पण सातव्या महिन्यातला गर्भपात म्हटल्यावर माझ्या मनात पहिला येतो तो ब्रुसेला, गाईकडून माणसालाही लागणारा जिवाणू. पशुवैद्यकांकडून रक्ताचा नमुना द्या. वार आणि गर्भ उघड्या हाताने उचलले असतील तर घरच्यांपैकी कोणाला लांबलेला ताप आहे का ते पाहा आणि डॉक्टरांना गाय गाभडल्याचं सांगा. मुरघास दोषी धरून ही तपासणी टाळली तर पुढच्या गाई जातील.

आता खड्ड्यात उरलेल्या मालाचं काय करायचं. मार्चअखेरपासून तुम्ही आठ टनांच्या आसपास काढला असणार. म्हणजे ११-१२ टन शिल्लक, १८० किलोने तो दोन महिने जाईल, जुलैच्या पावसात. तोवर तो टिकणार नाही. माझा सल्ला असा: वरचा फूटभर थर आणि तो कोपरा बाजूला काढल्यावर आतला माल थर्मामीटरने तपासा. गाईचा ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, लांब दांडीचा घ्या. तोंडापासून आठ इंच आत आणि तीन-साडेतीन फूट आत असं दोनदा मोजा. आतला माल थंड आणि पीएच कागदावर ४.२ च्या खाली असेल, तर तो वाचवण्यासारखा आहे. फरक मोठा नसेल, म्हणजे आतही तापला असेल, तर विषय संपला.

वाचवायचा म्हणजे लवकर संपवायचा. रोज फूटभर भिंत मागे न्यायची तर रोज साडेसहाशे किलो माल उचलला पाहिजे. शेजारच्या २५ गाईंच्या गोठ्याशी बोला, आज थोड्या कमी दराने द्या. १८ दिवसांत खड्डा रिकामा होईल. गिऱ्हाईक मिळालं नाही तर पहाटे चारला चार-पाच माणसं लावून थंड माल एक टनाच्या बॅगांत पुन्हा दाबून भरा, दुपारच्या आत तोंडं बांधून व्हायला हवीत. त्यात प्रोपिऑनिक आम्लाच्या क्षाराचं टिकवण पुडीवरच्या प्रमाणात घाला, ते यीस्टला आणि बुरशीला आवरतं. तापलेला माल बॅगेत भरून काही मिळत नाही.

तोंड ट्रॅक्टरच्या दात्यांनी किंवा खोऱ्याने खालून उकरू नका. वरून खाली सरळ, घट्ट भिंत ठेवत काढा. उकरलेल्या भिंतीत हवा आणखी दोन फूट आत जाते. खाली सांडलेला माल त्याच दिवशी उचला. वरचा कागद दोन-तीन दिवसांना पुरेल इतकाच मागे गुंडाळा आणि त्याच्या कडेवर वाळूच्या पिशव्यांची ओळ ठेवा, नाहीतर वारा कागदाखालून सगळ्या माथ्यावर फिरतो. काहीजण सांगतात की अर्ध्याच रुंदीने खोल काढत जा. तसं केलंत तर मधली लांब कड नवीन उघडी पडते. एक तोंड होतं, दोन होतील.

पुढच्या हंगामाचं बोलू. ९ गाईंना १० फुटी खड्डा नको. तुमच्या १८० किलोला उन्हाळ्यात फूटभर काढायचं तर तोंड १० चौरस फुटांचं हवं. इतकं तोंड असतं ते एक टनाच्या बॅगेचं. पावणेचार फूट व्यासाची, पाच फूट उंचीची बॅग तुम्ही पाच-साडेपाच दिवसांत संपवाल, रोज ११ इंच. गणित आपोआप बसतं. बॅगेचा त्रास वेगळा: पायाने तुडवून भरताना कड सैल राहते, आणि उंदीर-घुशींना ती फार आवडते. थर पाऊण फुटाचे घ्या, मधल्यापेक्षा कडेने जास्त तुडवा, आतल्या प्लॅस्टिकचं तोंड पिळून, दुमडून दोरीने आवळा. आठवड्यातून एकदा फेरी मारा. नखाएवढ्या भोकाने बॅगेतला पाटीभर माल जातो. आणि उंदीर आत मेला तर ती पूर्ण बॅग सोडून द्या, मेलेल्या प्राण्याभोवती बोटुलिनमचं विष तयार होऊ शकतं आणि त्यात गाय पाय टाकून पडते, उठत नाही.

बांधलेला खड्डा वाया गेला असं नाही. भावाभावांच्या गाई मिळून चाळीसच्या आसपास होत असतील तर एकत्र भरा. मग दाबणीचा नियम पाळा: ताशी जितके टन माल येतो त्याच्या चार दशांश टन वजन सतत फिरत राहिलं पाहिजे. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, म्हणजे तो ताशी ५ टनच नीट दाबू शकतो. ठेकेदाराचं मोठं यंत्र ताशी १०-१५ टन ओतू लागलं की ट्रॅक्टरवाला नुसता वरून फिरतो. माल थांबवा, ट्रॅक्टर थांबवू नका. अर्ध्या फुटाचा थर, चाकं स्वच्छ धुतलेली, तळाला निचऱ्याची नळी.

आणि कापणी. "चिकात आला की कापा" हे सगळे सांगतात, पण मका चिकात आठ-दहा दिवस असतो. कणीस मधोमध मोडून दाणा पाहा. वरच्या टोकाकडून घट्ट पिवळा भाग खाली सरकत येतो, खाली दुधाळ भाग राहतो, मधे रेघ असते. ती रेघ दाण्याच्या अर्ध्यावर ते दोन तृतीयांशावर आली की शुष्क भाग ३० ते ३५ टक्क्यांत येतो. शंका असेल तर १०० ग्रॅम कुट्टी मंद आचेवर तव्यात परतत वाळवा, वजन घटायचं थांबलं की मोजा. ३३ ग्रॅम उरली तर उत्तम, २५ उरली तर थांबा आणि काही दिवसांनी पुन्हा मोजा, ४० च्या वर असेल तर उशीर झाला आहे, तो माल दबणार नाही, तापणार. जमिनीपासून अर्धा फूट वर कापा. थोडा माल कमी येईल, मातीही कमी येईल.

खड्डा भरल्यावर पहिले तीन आठवडे त्यात डोकं घालू नका, पोरांना तर जवळ फिरकू देऊ नका. ताण पडलेल्या मक्यात नायट्रेट जास्त असतं, त्यातून पिवळसर-तपकिरी जड वायू निघतो आणि खोलगट जागेत साचतो. रंग दिसला नाही तरी कार्बन डायऑक्साइड असतोच.

तो कोपरा आणि वरचा थर आजच काढणार असाल तर एवढं पाहा: ते गव्हाणीजवळ टाकू नका, कोंबड्या आणि शेळ्या तिथे येतात. उकिरड्यात शेणाच्या खाली पुरा, पूर्ण कुजू द्या. आणि ते खत जिथे पुढच्या वर्षी मुरघासाचा मका लावणार आहात त्या रानात घालू नका, ऊस असेल तर तिकडे न्या. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू कुजून मरत नाहीत, ते मातीत पडून राहतात आणि कुट्टीबरोबर पुन्हा खड्ड्यात येतात.